मेहुण्याचा दोर

धरणावर त्याला सगळे मेहुणा म्हणायचे. मुख्य अभियंत्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत, कुणीही. अख्ख्या धरणाचा मेहुणा म्हणजे बहीण नक्की दिलीस तरी कुणाला, असं विचारून नवे लोक हसायचे आणि तोही हसायचा. पण ते नाव काही चेष्टेतून आलेलं नव्हतं. त्याच्या कामाचंच ते नाव होतं.

काम सांगतो. धरणाच्या भिंतीत खाली लोखंडी दरवाजे असतात आणि दरवाज्यांपुढे कचरा अडवणारी जाळी असते. ओंडके, फांद्या, मेलेली गुरं, कुणाची तरी फाटकी जाळी, सगळं वाहत येऊन तिथे बसतं. ते काढायला पाणबुडे उतरतात. सात-आठ पुरुष खोल पाणी आणि त्यात गाळ इतका, की माणसाला स्वतःचा पंजा नाकासमोर धरला तरी दिसत नाही. पाठीवर हवेचं सिलिंडर, हातात पहार आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर तराफ्यावर एकाच्या हातात. खालचा आणि वरचा दोघं एकमेकांशी बोलायचे ते दोराला हिसके देऊन. वरून एक हिसका म्हणजे, ठीक आहेस ना? खालून एक म्हणजे, ठीक. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर येतोय. चार म्हणजे अडकलोय, माणूस पाठव. दर दोन मिनिटांनी वरच्यानं विचारायचं आणि खालच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर कारण शोधत बसायचं नाही, दुसरा पाणबुड्या सरळ खाली सोडायचा.

आणि हा दोर मेहुण्यानंच धरायचा, असा त्या पाणबुड्यांचा जुना रिवाज. बायकोचा भाऊ. त्यांचं म्हणणं असं की भावानं धरला तर त्याच्या मनात वाटणी असते, मित्रानं धरला तर तो गप्पांत रमतो, आणि मुलानं धरला तर त्याचं लक्ष आधीच आपल्या बापाच्या पहारीवर असतं. मेहुण्याच्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपल्या बहिणीचं कपाळ. ज्याला मेहुणाच नाही त्याची बायको धरणावरचाच एखादा चांगला माणूस बघून त्याला भाऊ म्हणायची, म्हणजे नवऱ्याच्या दोराची सोय व्हायची.

आपल्या मेहुण्यानं आपल्या दाजीचा दोर एकोणीस वर्षं धरला. स्वतःला त्याला पोहता येत नव्हतं, याची गंमत दाजीला फार वाटायची. दाजी मोठा गडी, आवाज मोठा, बोलणं त्याहून मोठं. घरात एक साधी गोष्ट सांगायला घेतली की जेवणं आटोपायची तरी ती संपायची नाही. पाण्याखाली गेला की मात्र एक, दोन, तीन, चार, एवढ्यात त्याचं सगळं बोलणं आलं. मेहुण्याला त्या हिसक्यांत बरंच कळायचं. दाजी ताईशी भांडून कामावर आला असला की हिसका तुटक यायचा, आणि मेहुणा वर तराफ्यावर हसायचा. त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. कामगार वसाहतीत ताईच्या खोल्यांमागेच त्याची एक खोली होती, आणि दोन्ही वेळचं जेवण ताईकडेच. आयुष्यात आणखी काही पाहिजे असं त्याला कधी वाटलं नाही.

मग डेमोसाहेब आले.

खरं नाव वेगळं होतं, पण दर दोन वाक्यांनंतर ‘डेमो बघा’ म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि सोबत एक काळी पेटी. त्या पेटीत होता बोलता मास्क. पाणबुड्यानं मास्क चढवायचा, छातीवरचं बटण दाबून बोलायचं, की बोलणं पाण्यातून बिनतारी वर येणार आणि स्पीकरवर अख्ख्या तराफ्याला ऐकू जाणार. दोर नको, तार नको, हिसके नकोत. एकविसाव्या शतकात माणसं दोर ओढून बोलतात याची डेमोसाहेबांना मनापासून लाज वाटत होती, आणि ते ती लाज सगळ्यांना वाटून देत होते.

डेमो झाला तो वसाहतीच्या क्लबाच्या पोहण्याच्या तलावात. निळ्या फरशीवरचं पाणी, तळाला टाकलेलं नाणं वरून दिसावं असं. वसाहतीतल्या बायकापोरांनाही बोलावलं होतं. दाजीनं मास्क घातला, तळाशी जाऊन बसला आणि स्पीकरमधून म्हणाला, “घरच्यांना सांगा, आज मला उशीर होईल.” सगळे खो खो हसले. ताई पदरात तोंड लपवून हसली. दाजी वर आला तो हरखून. एकोणीस वर्षं खाली मुका बसलो, आता कुठे तोंड फुटलं, असं तो आठवडाभर सांगत सुटला.

मेहुणा त्या दिवशी तलावाच्या काठाला उभा होता. त्यानं एकच प्रश्न विचारला होता. आवाज आला नाही तर काय समजायचं?

“काही झालं तर माणूस बोलेलच ना,” डेमोसाहेब म्हणाले. “आवाज आला म्हणजे तो बोलतोय, म्हणजे ठीक. नाही आला म्हणजे त्याला काही सांगायचं नाही, म्हणजेही ठीक.”

“म्हणजे तुमच्या यंत्रात माणूस ठीक नाही असं कधी होतच नाही. आमच्या दोरात उलटं आहे साहेब. गप्प झाला की आम्ही धावतो.”

डेमोसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मेहुणे, तुमचं काम जाणार म्हणून तुम्ही बोलताय, मी समजू शकतो. लोक हसले. दाजीही हसला. मेहुण्याचे कान तापले आणि तो गप्प बसला. नंतर तीन वर्षं त्यानं स्वतःला एकच प्रश्न विचारला, की त्या दिवशी आपण गप्प का बसलो.

ते यंत्र त्यानं हात लावायच्या आधीच मनातून नापास केलं होतं, हे खरं. तलावातलं बोलणं आणि गाळातलं बोलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे कळायला शिक्षण लागत नाही. दरवाज्याच्या फटींतून पाणी सुटतं तेव्हा खाली कसला गोंगाट असतो, ते दाजीनंच त्याला सांगितलं होतं. पण यंत्र आणायचं वरून ठरलं होतं. आणि दोर असला की माणूस दोराच्या भरवशावर राहतो, यंत्र नीट वापरतच नाही, असं डेमोसाहेबांनी पटवून दिल्यामुळे दोर बंद करायचंही वरूनच ठरलं.

दोर बंद झाल्यावर चौथ्या दिवशी दाजी तीन नंबरच्या दरवाज्यावर उतरला. सकाळचे साडेदहा झाले होते. मेहुणा तराफ्यावर रिकाम्या हातांनी उभा होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. अर्ध्या पाण्यापर्यंत दाजीचा आवाज लख्ख आला. मग तो दरवाज्याशी पोचला आणि स्पीकरमधून नुसती घरघर यायला लागली. यायची, थांबायची, परत यायची. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा घरघर सुरू झाली ती थांबेचना. मेहुणा म्हणाला, लंबूला सोडा. लंबू म्हणजे दुसरा पाणबुड्या, तो तराफ्याच्या कडेला तयारच बसलेला होता. डेमोसाहेबांनी हातानं थोपवलं. आवाज येतोय, म्हणजे माणूस ठीक. मेहुण्यानं तीनदा सांगितलं, तीनदा तेच उत्तर मिळालं. घरघर अकरा मिनिटं चालली. मग ती बंद झाली.

“बघा,” डेमोसाहेब म्हणाले, “कामाला लागला.”

लंबूनं कुणाला विचारलं नाही, सरळ उडी मारली. दाजीच्या सिलिंडरचा पट्टा जाळीतल्या एका तारेत अडकला होता आणि हवा संपली होती. त्याचा अंगठा छातीवरच्या बटणावर घट्ट दाबलेला होता. तो सोडवायला जोर लावावा लागला, असं लंबूनं चौकशीत सांगितलं.

चौकशीचा अहवाल दीड पानी होता. त्यातलं एक वाक्य मेहुण्याला पाठ झालं. ‘पाणबुड्याने बोलण्याचे बटण दाबले नसल्याने संदेश पोहोचू शकला नाही, ऐकू येणारी घरघर दरवाज्यातून गळणाऱ्या पाण्याची होती.’ लंबूच्या साक्षीबद्दल लिहिलं होतं, मृत्यूनंतर बोटांची स्थिती बदलू शकते. मेल्या माणसाला तोंड नसतं, म्हणून सगळा दोष त्याच्याच तोंडावर मारायचा. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात?

ताईनं तो कागद तीनदा वाचला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “म्हणजे तो मूर्ख होता आणि मूर्खपणानं मेला, असं यांनी लिहून ठेवलंय.” मग तिनं कागदाची नीट घडी केली आणि कपाटात दाजीच्या कपड्यांवर ठेवली. “धाकट्या, हे वाक्य पुसलं गेलं पाहिजे. बाकी मला काही नको.”

मेहुण्याला ते वाक्य पुसायला हवं होतंच, पण त्याला आणखीही काही हवं होतं. त्यानं डूख धरला. सुडाच्या गोष्टी सांगणारे लोक म्हणतात की माणूस सुडानं जळतो. हा काही जळला नाही. उलट त्याला झोप चांगली लागायला लागली, जेवण जायला लागलं. सकाळी उठायला एक कारण होतं. वाक्य पुसण्यासाठी त्यानं चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, अर्ज केले, अर्जांना आलेली उत्तरं ताईला वाचून दाखवली. घरघर जर पाण्याची होती, तर ती मध्येच थांबायची कशी? पाणी काय श्वास घ्यायला थांबतं? हे त्यानं प्रत्येक टेबलावर विचारलं. प्रत्येक टेबलानं सांगितलं की तुम्ही तांत्रिक माणूस नाही.

इकडे डेमोसाहेबांना बढती मिळाली. मेहुणा त्यांची खबर ठेवून होता. एकदा ते धरणावर बैठकीला आले तेव्हा त्यानं त्यांच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली. डेमोसाहेबांनी फोन केला, पंधरा मिनिटांत हवा भरून गाडी निघून गेली, आणि मेहुण्याला स्वतःची लाज वाटली. एवढ्यावर भागणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दरम्यान दोर परत आला होता. दाजी गेल्यावर एकही पाणबुड्या दोराशिवाय उतरायला तयार होईना, तेव्हा वरचे गुपचूप मागे हटले. लंबूच्या बायकोला भाऊ नव्हता. ती एक दिवस मेहुण्याच्या खोलीवर आली आणि म्हणाली, आता तुम्हीच माझे भाऊ, यांचा दोर तुम्ही धरा. तेव्हापासून तीन वर्षं मेहुण्यानं लंबूचा दोर धरला. इतकं लक्ष देऊन त्यानं दाजीचाही कधी धरला नव्हता.

मग डेमोसाहेब दुसरी पेटी घेऊन आले. सुधारलेली. आधीचे सगळे दोष काढलेत असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि आधीच्या पेटीत दोष नव्हतेच असंही लिहून दिलं होतं. या वेळी मंजुरी द्यायला सुरक्षा खात्याच्या तपासणी अधिकारी येणार होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात जाड नोंदवही घेऊन फिरणाऱ्या बाई. चाचणी धरणातच घ्या, तलावात नको, असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं.

पाणबुड्यांनी सरळ नकार दिला. मास्क घालणार नाही म्हणजे नाही. तेव्हा डेमोसाहेब म्हणाले, मी स्वतः उतरतो. मधल्या काळात कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी पाण्यात उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. माणूस भित्रा नव्हता. हे मेहुण्यालाही कबूल करावं लागलं, आणि कबूल करताना दातओठ खावे लागले. दरवाजाही त्यांनीच निवडला. तीन नंबरचाच. एकदाचा तो डाग धुऊन काढू, म्हणाले.

तपासणीच्या बाईंनी एकच अट घातली. यंत्र चालो न चालो, कमरेला दोर हवा. मग दोर कोण धरणार, असं त्यांनी तराफ्यावर विचारलं आणि सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

“मी धरतो,” मेहुणा म्हणाला.

डेमोसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. जुनं विसरलात ना मेहुणे, असं त्यांनी हसत विचारलं. मेहुण्यानं सांगितलं की दोर धरताना तो काही आठवत नसतो. तेवढं एक वाक्य सोडलं तर तो माणूस त्या दिवशी काही खोटं बोलला नाही, असं म्हणता आलं असतं. पण पुढे तो आणखी बोलला.

उतरण्याआधी डेमोसाहेबांनी बाईंसमोर चारही हिसके शाळेतल्यासारखे पाठ म्हणून दाखवले. तीन नंबरच्या जाळीवर डाव्या अंगाला अजून तारा लोंबत होत्या, उजवीकडूनच जावं लागतं. धरणावर हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मेहुण्यानं सांगितलं नाही. तराफ्याच्या कडेला लंबू पूर्ण तयारीत बसला होता, काही झालं तर उतरायला. त्यानंही सांगितलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

अकरा वाजता डेमोसाहेब पाण्यात गेले. सुरुवातीला आवाज स्वच्छ येत होता. बाई, माझं बोलणं ऐकू येतंय ना, आता मी अर्ध्यावर आहे, वगैरे. बाई मान डोलवत लिहीत होत्या. दोर मेहुण्याच्या हातातून हळूहळू सरकत होता. दोन मिनिटांनी त्यानं विचारलं, खालून एक हिसका आला. पुन्हा विचारलं, पुन्हा आला. मग आवाज फाटला आणि स्पीकरमधून घरघर सुरू झाली. अगदी तीच.

आणि दोराला चार हिसके बसले.

त्याला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. त्यानं आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. हजार वेळा मनात खेळवलं होतं, पण ठरवलं नव्हतं. ते चार हिसके तळव्यात आले तेव्हा त्याला वाटलं की तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या अर्जाला खरं उत्तर पाठवलंय. त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. अकरा वाजून चौदा मिनिटं. सिलिंडरमध्ये अजून पंचवीस मिनिटांची हवा होती, हा हिशेब त्यानं आधी केला. मारायचं नव्हतंच. मेलेला माणूस साक्ष देत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यानं दोराला उलटा एकच हिसका दिला. ठीक आहेस ना?

“बाई,” तो शांतपणे म्हणाला, “ही घरघर कसली? त्यांच्या पुस्तकात काय लिहिलंय?”

बाईंनी यंत्रासोबत आलेलं माहितीपुस्तक उघडलं. पानं उलटली. “आवाज येत असल्यास पाणबुड्या सुरक्षित आहे असे समजावे,” त्यांनी वाचलं.

“मग वेळ घालून लिहा ना तसं.”

त्यांनी लिहिलं. खालून पुन्हा चार हिसके आले, या वेळी जोरात. मेहुण्यानं पुन्हा एक दिला. लंबू तराफ्याच्या कडेला बसून त्याच्या हातांकडे आणि तोंडाकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, काय म्हणतोय? ठीक आहे म्हणतोय, मेहुण्यानं सांगितलं. घरघर थांबली, परत सुरू झाली. बाईंना त्यानं तीही वेळ लिहायला लावली. थांबली ते लिहा, सुरू झाली ते लिहा. बाई, पाण्याचा आवाज असता तर तो थांबला असता का हो? बाईंनी पेन थांबवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. दोर आता चार-चार असा येतच नव्हता, नुसता थरथरत होता. खाली माणूस घाबरलेला होता. मेहुण्याला ते तळव्यात स्पष्ट कळत होतं आणि त्याला ते गोड लागत होतं.

तिसरी नोंद झाल्यावर तो बाईंजवळ गेला आणि त्यांच्या हातात दोर दिला. “हे धरा. आता मोजा.”

बाईंनी दोर धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडायच्या आत पाण्याचा आवाज झाला. लंबूनं कुणाच्याही सांगण्याची वाट बघितली नव्हती.

डेमोसाहेबांना वर काढलं तेव्हा अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. पट्टा डाव्या अंगाच्या तारेत अडकला होता, लंबूनं तो कापला. तराफ्यावर ते हातापायांवर बसले, ओकले, आणि श्वास लागल्यावर पहिलं जे बोलले ते असं, “मी बोलत होतो. सारखा बोलत होतो. बटण सोडलंच नाही, फक्त श्वास घ्यायला सोडलं.”

“बाई,” मेहुणा म्हणाला, “हेही लिहा. त्यांच्याच शब्दांत.”

बाईंनी लिहिलं. डेमोसाहेबांनी मान वर केली. त्यांच्या लक्षात एकदम सगळं आलेलं दिसलं. “मी चार हिसके दिले,” ते म्हणाले. “तुम्ही वरून एक दिलात. ठीक आहेस ना म्हणून. दोनदा.”

“आवाज येत होता साहेब,” मेहुणा म्हणाला. “आवाज येतोय, म्हणजे माणूस ठीक.”

बाई कडक होत्या. त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. गोंगाटात यंत्राचा आवाज नुसत्या घरघरीसारखा ऐकू येतो, बटण दाबलेलं असूनही बोलणं कळत नाही, हे लिहिलं. आणि दोर धरणाऱ्याला धोक्याची खूण कळूनही त्यानं ती चार मिनिटं कळवली नाही, हेही लिहिलं. खाली मेहुण्याची सही मागितली. त्यानं एका दमात सही केली. खोटं काही नव्हतं त्यात. खात्यानं पुढे त्याला लेखी समज दिली, म्हणजे एक कागद दिला. तो त्यानं खोलीत खिळ्याला लावून ठेवला.

तिसऱ्या दिवशी जाळीचं काम निघालं. मेहुणा नेहमीसारखा दोराची गुंडाळी सोडायला गेला तर लंबूनं दोर आधीच पंपवाल्याच्या हातात दिलेला होता. पंपवाला खाली बघत होता.

“त्यानं काय केलं ते मी विसरलेलो नाही,” लंबू म्हणाला. “दाजीचा अंगठा मी सोडवला होता, मेहुणे. तो मेला असता तरी मी एक घास कमी खाल्ला नसता. पण मी तुमच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. चार हिसके आले, दोर उडताना मला दिसला, आणि तुम्ही म्हणालात ठीक आहे म्हणतोय. तुमचं तोंड जरासुद्धा हललं नाही. मीसुद्धा तुमच्यावर विश्वास ठेवून काही वेळ बसून राहिलो. आता खाली अंधारात ते तोंड मला दिसेल. घरातलीनंही नको म्हणून सांगितलंय.”

मेहुण्याला राग आला नाही. राग यायला समोरचा चुकीचा असावा लागतो. तो तराफ्यावरून उतरला आणि त्यानंतर त्याला भांडाराच्या खोलीत काम मिळालं. हातमोजे, पहारी, बुटांचे जोड द्यायचे आणि परत घ्यायचे. पाणबुडे येतात, नीट बोलतात, विचारपूस करतात, अजून मेहुणे म्हणतात. दोर मात्र कुणी देत नाही. नवीन लागलेल्या एकाच्या बायकोला भाऊ नव्हता, तिनं त्याला सोडून पहारेकऱ्याला भाऊ केलं.

नवा अहवाल चार महिन्यांनी आला. जुनं वाक्य रद्द केलं होतं. त्या जागी लिहिलं होतं की पाणबुड्याने शेवटपर्यंत बटण दाबून संदेश देण्याचा प्रयत्न केला. यंत्रणा तो पोचवू शकली नाही. यंत्राची मंजुरी नाकारली गेली आणि धरणावर दोर सक्तीचा झाला. डेमोसाहेबांनी ती कंपनी सोडली, असं कानावर आलं. कुठे गेले ते शोधावं, असं मेहुण्याला एकदाही वाटलं नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी त्यानं तो कागद ताईपुढे ठेवला. तिनं हात पुसले आणि तीनदा वाचला, मागच्यासारखाच. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते. ‘शेवटपर्यंत’ या शब्दावर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग तिनं विचारलं, “त्या साहेबाला खाली किती वेळ तसाच ठेवलास?”

“चार मिनिटं.”

“आमच्याची अकरा होती,” ती म्हणाली. “कमी ठेवलास.”

त्यालाही ते पटलं. दोघं जेवायला बसली. थोड्या वेळानं त्यानं ताईला ते सांगितलं, जे चार महिने सांगितलं नव्हतं. लंबूनं दोर काढून घेतला. भांडारात बदली मी मागून घेतलेली नाही. आता दोर कुणीच देत नाही. त्याला वाटलं, ताई त्यांना शिव्या देईल.

ताईनं भांडं खाली ठेवलं.

“बरोबर करतात,” ती म्हणाली. “माझा नवरा आज खाली उतरायचा असता, तर मीसुद्धा त्याचा दोर तुझ्या हातात दिला नसता.”

“म्हणजे मी चुकलो?”

“नाही धाकट्या. चुकला नाहीस. पण दिला नसता.”